पाटावरचा बैल, काचेतला गेंडा

माझा भाचा बोईसरला राहतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या वस्तूंसाठी साचे घडवणाऱ्या एका कारखान्यात तो डायमेकर आहे. घरी त्याने भिंतीला काचेचं कपाट ठोकलंय आणि त्यात श्लाइश या जर्मन कंपनीची जनावरं ओळीने मांडलीत. पाणघोडा, झेब्रा, अस्वल, सगळ्यांच्या पुढे गेंडा. प्रत्येकाच्या पोटाखाली कंपनीचं नाव उमटवलेलं. मागच्या पोळ्याला मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याच कपाटाखाली पाटावर मातीची बैलजोडी पुजून ठेवली होती. बहिणीचं सासर खानदेशातलं. शेती तिकडेच राहिली, गोठा नाही, बैल नाही, म्हणून बाजारातली मातीची जोडी. मी सहज म्हणालो, "यांनाही वर जागा कर की."

तो हसला. "मामा, वरची खेळणी आहेत, संग्रहाची. हे पूजेचे. उद्या विसर्जन. याला ना कंपनी, ना नंबर, ना साल. याचा संग्रह काय करायचा?"

मत एकट्या भाच्याचं असतं तर पुरणपोळीबरोबर गिळून टाकलं असतं. पण हेच मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांकडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय. खेळण्यातली जनावरं जमवणं हा युरोपातला छंद. आपल्याकडे त्यांना इतिहास नाही, म्हणून संग्रहही नाही. हे चूक आहे आणि त्याचं खंडन नीट व्हायला हवं.

आपल्या जुन्या वादपद्धतीत एक चांगली सक्ती होती. समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्यापेक्षा नेटकं मांडून दाखवायचं, मग तोंड उघडायचं. तर पूर्वपक्ष असा. एक, महाराष्ट्रात उत्खननांत सापडलेली जनावरांची जुनी चित्रं म्हणजे खेळणी नव्हेत, ती देवादिकांची, विधींची. दोन, नंतरची जी होती ती कच्च्या मातीची. दर वर्षी केली आणि दर वर्षी बुडवली, मागे काही उरलंच नाही. तीन, संग्रहाला ओळख लागते. कर्त्याची खूण, साल, यादी. आपल्या बैलावर यांपैकी काहीच नाही. तिन्ही मुद्दे बिनबुडाचे नाहीत. शेवटच्याला तर मी स्वतःही बराच काळ मान देत होतो.

पहिल्यापासून सुरू करू, कारण तिथे दोन्ही बाजूंचे विद्वान घसरतात. एक पक्ष सापडेल त्या जनावराला 'विधिवस्तू' म्हणतो. दुसरा पक्ष चाक दिसलं की 'खेळणं' म्हणून मोकळा होतो. न्यायशास्त्रात धूर दिसला की अग्नी आहे असं म्हणता येतं, कारण अग्नीवाचून धूर कुठेच आढळत नाही. चाक आणि खेळणं यांची अशी व्याप्ती आहे का?

दायमाबाद बघा. अहमदनगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी. १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू लागल्या. बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, एक रेडा, एक हत्ती, आणि एक गेंडा. सगळ्यांना चाकं किंवा चाकांची सोय. आकार वीत-दीड वीत-दोन वीत, घरातल्या पोराने ओढत न्यावा असा. पण चौघांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर! हे ओढणारं पोर कुठल्या गावचं? यांना खेळणं म्हणणं अवघड आहे. चाक आहे, खेळणं नाही. न्यायवाले ज्याला सव्यभिचार हेतू म्हणतात तो हा. खूण असते, पण जिचा पुरावा म्हणून ती पुढे केली ती गोष्ट नसते. (या वस्तू उत्तर हडप्पाकालीन असं मधुकर ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांचं मत, डी. पी. अग्रवालांनी धातूतल्या सोमलाच्या प्रमाणावरून शंका घेतली. तो वाद इथे नको. पण काळ मान्य केला, तर मराठी मुलखातला गेंडा भाच्याच्या जर्मन गेंड्याहून साडेतीन हजार वर्षांनी तरी थोरला भरतो. श्लाइश कंपनी १९३५ ची.)

आता उलटं उदाहरण. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं इनामगाव. तिथे सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांच्या देखरेखीखाली डेक्कन कॉलेजने बरीच वर्षं खणलं. एका घराच्या जमिनीखाली, कोपऱ्यात, मातीची पेटी पुरलेली निघाली. तिच्यासोबत बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि एक बैल. दोन्ही कच्च्या मातीचे, ओबडधोबड, पावसाळ्यात अंगणात बसून पोरं करतात तसे. बैलाच्या पाठीला भोक, मूर्तीच्या पोटाला भोक. काडी घातली की बाई बैलाच्या पाठीवर नीट उभी राहते. नुसता बैल हातात दिला असता तर कोणीही म्हणालं असतं, पोराने केलंय. पण तो जमिनीखाली पेटीसोबत जपून पुरलेला होता. खेळण्याचं रूप, काम देवाचं.

म्हणजे दायमाबादला चाक फसवतं आणि इनामगावला ओबडधोबडपणा. वस्तू कुठे, कशी आणि कशाबरोबर सापडली यावरून काय ते ठरतं, रूपावरून नव्हे. इथपर्यंत कोणताही पुरातत्त्वज्ञ माझ्याशी सहमत होईल. माझं भांडण पुढे आहे. 'खेळणं की देव' या प्रश्नातल्या 'की'शी माझं वाकडं आहे.

पोळ्याच्या दिवशी आमच्या बहिणीच्या घरी काय झालं ते सांगतो. सकाळी जोडी पाटावर बसली. हळदकुंकू, झेंडूचं फूल, पुरणपोळीचा घास. दुपारी माणसं सुस्तावली तसा भाच्याचा चार वर्षांचा मुलगा पाटाजवळ सरकला आणि एक बैल उचलून फरशीवर चालवू लागला. तोंडाने 'हुर्र... हुर्र...'. कोणी रागावलं नाही. त्याच्या आजीने फक्त सांगितलं, "शिंग मोडेल, हळू." पूजेच्या वेळी देव, दुपारी खेळणं, दुसऱ्या दिवशी पाण्यात. बैल एकच, त्याच्या भूमिका तीन, आणि घरातल्या कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही. विसंगती वाटते ती वस्तुसंग्रहालयाच्या चिठ्ठीवर एकच शब्द लिहिणाऱ्याला.

हे बोईसरच्या एका फ्लॅटपुरतं नाही. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात, घरोघरी ओवाळून घेतात आणि बोजारा मिळवतात. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली हा सुरू केला असं नागपुरात सांगतात. साल परंपरेने आलेलं आहे, पण रघूजींच्या कारकिर्दीत बसतं. त्या लाकडी बैलाला ओवाळणारी बाई त्याला नंदी मानते आणि ओढणारा पोरगा त्याच बैलाच्या जोरावर खाऊचे पैसे मोजतो. आता याला कुठल्या खणात ठेवता? आणि हे बैल बुडवत नाहीत बरं का. सागवानी बैल बापाकडून मुलाकडे जातो. चाक बदलतात, रंग नवा देतात, धड तेच.

तेव्हा पहिला मुद्दा उभा राहत नाही. 'ती खेळणी नव्हती, विधीची होती' हे विधान दोन पर्यायांत निवड करायला लावतं, आणि आपल्याकडे ती निवड कधी कोणी केलीच नव्हती. गंमत म्हणजे युरोपातही सुरुवातीला नव्हती. खेळण्यातल्या जनावरांच्या संग्राहकांची पंढरी म्हणजे जर्मनीतली श्टाइफ कंपनी. तिचं पहिलं जनावर, १८८० सालचा छोटा हत्ती, खेळणं म्हणून जन्मलाच नव्हता. मार्गारेटे श्टाइफने तो टाचण्या टोचायची गादी म्हणून शिवला. पोरांनी पळवला, म्हणून खेळणं झाला.

दुसऱ्या मुद्द्याला फार वेळ देणार नाही. माती विरघळते हे खरं. पण गणपतीची मूर्तीही विरघळते. दर भाद्रपदात बुडते. म्हणून गणेशमूर्तीला इतिहास नाही असं म्हणायचं धाडस कोणी करेल? वस्तू बुडते, साचा घरी राहतो, हात घरी राहतो. शिवाय सगळंच बुडवतो हेही खरं नाही. दिवाळीच्या किल्ल्यावरची चित्रं आठवा. मावळे, गवळण, गाय, वाघ. दिवाळी संपली की वर्तमानपत्रात गुंडाळून बुटाच्या खोक्यात आणि खोकं माळ्यावर. पुढच्या दिवाळीत पाय मोडलेल्या वाघाला झुडपामागे बसवायचं, म्हणजे मोडका पाय दिसत नाही. चैत्रगौरीच्या आरासीत आजीच्या माहेरचा लाकडी हत्ती पायरीवर यायचा, तोही पोरांना हात न लावता बघण्यापुरता. जपणं, मांडणं, वर्षातून एकदा बाहेर काढणं, तुटल्यावरही न टाकणं हे सगळं आपण करत होतो. फक्त त्याला 'कलेक्शन' म्हणत नव्हतो.

तिसरा मुद्दा कठीण. खूण नाही, साल नाही, कर्त्याचं नाव नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि ते मला भाच्यानेच दिलं, नकळत.

मी पालघरला राहतो. गेली अकरा वर्षं पोळ्याला बाजारातून एक जोडी जास्त घेतो आणि न बुडवता ठेवून देतो. घेतली की पोटाखाली पेन्सिलीने साल आणि बाजाराचं नाव लिहितो. खोक्यात आता अकरा जोड्या आहेत, म्हणजे असायला हव्यात. समुद्राकडचं खारं वारं कच्च्या मातीला मानवत नाही. तिसऱ्या सालच्या जोडीतला एक बैल पावसाळ्यात पायाकडून भुगा झाला. उरलेले मी खोक्यासकट भाच्यापुढे ठेवले आणि म्हणालो, "साल बघू नकोस. तुझ्या कामाच्या नजरेने बघ."

त्याने एक बैल उचलला, उलटा केला, पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवला. "पार्टिंग लाइन," तो म्हणाला. दोन अर्ध्या साच्यांतून बैल काढला की जोडाची रेघ कण्यावरून आणि पोटाखालून जाते. कुंभार ती ओल्या बोटाने पुसतो, पण पुरती जात नाही. मग दुसरा, तिसरा. पाचव्यापर्यंत त्याचा आवाज बदलला होता. "मामा, हे सगळे एकाच साच्यातले. पण याच्या वशिंडाखालची वळी बघ, ठसठशीत. आणि याची बसलीय. साचा झिजत चाललाय." त्याने बैल टेबलावर झिजेच्या क्रमाने लावले. मग मी पोटाखालची सालं दाखवली. एकच बैल चुकीच्या जागी होता.

सातव्या वर्षापासूनचे बैल वेगळे निघाले. रेघा पुसट आणि अंग लहान. भाच्याने ड्रॉवरमधून व्हर्निअर काढला. वशिंडापासून खुरापर्यंत सात मिलिमीटरने बुटके, पण अंगाचं वळण तेच. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, "याने जुन्या बैलावरूनच नवा साचा काढला." बरोबर. माती सुकताना आणि भाजताना आकसते. तयार बैलावरून साचा काढला, की त्या साच्यातला बैल एका आकसण्याने लहान. त्यावरून पुन्हा साचा काढला की आणखी लहान, आणखी अस्पष्ट. प्राचीन ग्रीसच्या मातीच्या पुतळ्यांचा अभ्यास करणारे नेमक्या याच आकसण्यावरून साच्यांच्या पिढ्या लावतात. थोरली पिढी मोठी आणि रेखीव, धाकटी लहान आणि मवाळ. कुठेही सही नाही, साल नाही, तरी वंशावळ लागते. बोईसरच्या डायमेकरला हे कोणी शिकवलं नव्हतं. त्याच्या पोटापाण्याच्या विद्येत ते होतंच.

मग खुणेचं काय? श्टाइफचा कानातला बिल्ला प्रसिद्ध आहे. १९०४ पासून प्रत्येक जनावराच्या कानात. पण तो संग्राहकासाठी आला नाही, नकला करणाऱ्यांना अडवायला आला. दुकानदाराची गरज होती ती. संग्राहकांनी नंतर तिचं सोवळं केलं आणि आता बिल्ला नसेल तर जनावर हलक्या जातीचं. आपल्या बैलाच्या अंगावरही खुणा आहेत, फक्त त्या बिल्ल्यासारख्या वाचता येत नाहीत. शिंगं साच्यातून येत नाहीत, वेगळी वळून चिकटवतात. त्या जोडावर कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा बऱ्याचदा स्पष्ट राहतो. याहून खासगी सही कुठली असणार?

इथे एक गोष्ट पूर्वपक्षाला द्यायला हवी. बाजार नाही हे खरं. जर्मन गेंडा विकायला काढला तर भाव ठरलेला आहे, मातीच्या बैलाला नाही. पण भाव नाही म्हणजे मोल नाही हे मानायला मी तयार नाही, आणि ते माझ्याआधी शूद्रकाने नाटक लिहून नाकारलंय. 'मृच्छकटिक' हे नावच मातीच्या खेळण्यातल्या गाडीवरून आलंय. चारुदत्ताच्या पोराला शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी हवी असते. मातीची पुढे केली तर रडतं. वसंतसेना त्या मातीच्या गाडीत आपले दागिने ओतते. लोकांना एवढंच आठवतं. पुढे तेच दागिने न्यायसभेत चारुदत्ताविरुद्धचा पुरावा होतात आणि बिचारा सुळापर्यंत जातो, हे विसरतात. खेळण्यात बाहेरून सोनं भरलं की काय होतं याचा शूद्रकाला चांगला अंदाज होता.

बाजार कसा तयार होतो हेही पाहिलं पाहिजे. स्वीडनमध्ये दालार्ना भागात जंगलात काम करणारी माणसं हिवाळ्याच्या संध्याकाळी पोरांसाठी लाकडाचे घोडे कोरत. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्वीडनच्या दालनापुढे तसाच भला मोठा घोडा उभा केला आणि बघता बघता तो घोडा त्या देशाची ओळख झाला. घोडा तोच होता. बघणाऱ्यांनी आधी बघितलं नव्हतं. आपल्याकडे दिनकर केळकरांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर अडकित्ते, दिवे, कुलपं, शाईच्या दौती असं घरोघरचं अडगळीतलं जमवायला घेतलं. १९७५ साली तो संग्रह सरकारला दिला, आज तो पुण्याचं भूषण आहे. जमवायला लागले तेव्हा अडकित्त्याला संग्रहमूल्य होतं कुठे? केळकरांनी जमवला म्हणून आलं. संग्रहमूल्य वस्तूत आधीपासून बसलेलं असतं ही समजूतच मुळात दुकानदारी आहे.

न बघण्याचा आणखी एक नमुना. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला १९४० च्या दशकात ब्राँझच्या वस्तूंचा साठा निघाला. त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती होती आणि माणसं बसलेला एक छोटा हत्तीही. टाउन हॉल संग्रहालयात गेलात तर बहुतेकांची पावलं पोसायडनपाशी थांबतात. रोमची वस्तू ना ती! हत्ती घरचा, त्याला कोण विचारतो. मला स्वतःला तो हत्ती जास्त आवडतो, पण ही आवड झाली, पुरावा नव्हे.

जमवू पाहणाऱ्याने एका बाबतीत मात्र सावध राहावं. जुनं म्हणून शेतातून निघालेला मातीचा बैल कोणी विकायला आणला तर घेऊ नये. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. तिचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि देशाबाहेर तर नेताच येत नाही. जमिनीत सापडलेल्या ठेव्याचा १८७८ चा कायदा वेगळाच. शिवाय नकला फार. भाजलेल्या मातीचं वय तापदीप्ती चाचणीने काढता येतं, कारण शेवटचं भाजल्यापासूनचा काळ ती मोजते. पण इनामगावसारख्या कच्च्या बैलाला भट्टीच ठाऊक नसते, तिथे ती चाचणी हतबल. त्यापेक्षा यंदाचा बैल घ्यावा. बाजारात, कुंभाराकडून, पंचवीस-पन्नास रुपयांत. फक्त प्लास्टरचा नाही ना ते बघावं. प्लास्टरचा तुटला की आत खडूसारखा पांढरा दिसतो आणि बुडबुड्यांची भोकं असतात. आणि घेतलेल्याच दिवशी साल लिहावं. शंभर वर्षांनी तो आपोआप पुरावशेष होईल, तेव्हाच्या संग्राहकाने कायद्याचं बघून घ्यावं.

राहिला एक आक्षेप. तो विद्वानांचा नाही, बहिणीचा आहे, आणि मला तोच सगळ्यांत वजनदार वाटला. भाच्याने पोळ्याच्या त्या संध्याकाळी पाटावरचा बैल उचलून कपाटात गेंड्याशेजारी ठेवला. बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "पूजलेला बैल डांबून ठेवतोस? त्याला जाऊ दे." यावर माझ्याकडे ना दायमाबाद होतं, ना शूद्रक. पूजा झाली की बैलाला निरोप द्यायचा असतो. निरोप न देता ठेवून घेतलेला बैल म्हणजे संध्याकाळ झाली तरी औत न सोडलेला बैल. माझ्या खोक्यातली जोडी कधीच पाटावर बसत नाही, दर वर्षी जास्तीची आणलेली असते, याचं खरं कारण मला स्वतःलाच तेव्हा कळलं.

भाच्याने बैल पाटावर परत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी जोडी विहिरीत सोडली. मग तो बाजारात गेला. पोळा उलटला होता, कुंभारीण उरलेले बैल टोपलीत भरत होती. त्याने एक जोडी निवडली, उलटी केली, पोटावरून अंगठा फिरवला. ती म्हणाली, "कालच न्यायची ना भाऊ, आज काय करणार?" त्याने विचारलं, "मावशी, साचा कुणाचा?"

"सासऱ्याचा. मोडत आलाय. पुढच्या वर्षी नवा काढणार."

"यावरूनच काढणार का?"

तिने त्याच्याकडे जरा संशयाने बघितलं. "तुम्हाला काय माहीत?"